वन आरके भाड्याने मिळेल का?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला 'निवृत्तांचे आर्थिक नियोजन' ह्या विषयावर पंधरा मिनिटे बोलायला सांगितले होते. पण मुदत ठेवी आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना ह्यांवर मी आपल्यापैकी बहुतेकांशी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि गणपतीच्या मांडवात बोलून चुकलो आहे. आता कोणी समोरून मला येताना पाहिलं की जिना बदलतं. (हशा) म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन विषय बदलला. आज बोलतो आपल्या बी विंगमधल्या बारा छोट्या जागांबद्दल. म्हणजे वन आरके. एक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी.

पंचवीस वर्षांपूर्वी ही इमारत उभी राहिली तेव्हा ह्या बारा जागा घेणारे लोक त्यांत स्वतः राहायला आले होते. पुढे कोणी मोठ्या घरात गेले, कोणी मुलांकडे गेले, काही आता आपल्यात नाहीत. आज त्या जागांपैकी बहुतेक भाड्याने दिलेल्या आहेत आणि दोन-तीन नुसत्याच कुलूपबंद आहेत. आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव यायचा आहे, की सदनिका ह्यापुढे फक्त कुटुंबालाच भाड्याने द्यावी, एकट्या माणसाला देऊ नये. ठराव मांडणारे माझे मित्र आहेत, रोज सकाळी आम्ही बरोबर फिरायला जातो. तेव्हा जे बोलतो ते त्यांच्या समोरच बोललेलं बरं.

आधी हे पाहू, की आपल्या गेटवर येऊन वॉचमनला "काका, वन आरके आहे का?" असं विचारणारी माणसं कोण असतात. आपण कर्वेनगरात राहतो. एका बाजूला मुलींचे इंजिनिअरिंग कॉलेज, पलीकडे कोथरूडला आणखी कॉलेजे, एरंडवण्याला मोठे रुग्णालय. म्हणजे शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी येते, जिला होस्टेल मिळालेले नाही. रात्रपाळी करणारी परिचारिका येते, जिला ड्युटी संपल्यावर पहाटे चालत किंवा रिक्षाने घरी पोचता आले पाहिजे. पहिली नोकरी लागलेला मुलगा येतो. सदाशिव पेठेत, नव्या पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, आता दिवसा काम आणि रात्री अभ्यास करायचं ठरवलेला कोणी येतो. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई येते. ह्या सगळ्यांचं दोन बेडरूमच्या जागेत काम नाही आणि तेवढं भाडं परवडतही नाही. चार जणांत मिळून मोठी जागा घ्यावी तर सोसायट्या म्हणतात, चार मुलं नकोत. एकट्याने छोटी घ्यावी तर म्हणतात, एकटा नको.

आणि ह्यांत फक्त तरुण मुलं असतात असं समजू नका. कोथरूडमधले माझे एक परिचित आहेत, माझ्याच वयाचे. पत्नी गेल्या, मुलगा अमेरिकेत. तीन बेडरूमची जागा एकट्याला झेपेना म्हणून ती विकली आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत छोटी भाड्याची जागा शोधू लागले. पेन्शन चांगली, भाडे सहा महिन्यांचे आगाऊ द्यायची तयारी. तीन ठिकाणी नकार आला. कारण काय? "एकटेच आहात, काही झालं तर कोण बघणार?" शेवटी पुतण्याचे नाव करारात घातले तेव्हा जागा मिळाली. 'फक्त कुटुंबाला' हे दोन शब्द लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर मोटारसायकलवाला पोरगा असतो. नियमात मात्र हे गृहस्थही बसतात. आणि ह्या सभागृहातल्या जोडप्यांपैकी प्रत्येक घरात एक दिवस कोणीतरी एकटं राहणारच आहे.

पुण्याला एकटा माणूस नवीन नाही. शिकायला बाहेरगावाहून आलेली मुलं वाड्यातल्या एखाद्या खोलीत राहायची, माधुकरी मागायची, कोणाकडे सोमवार, कोणाकडे मंगळवार असे वार लावून जेवायची. त्यांतून पुढे मोठमोठी माणसं झाली हे आपण अभिमानाने सांगतो. आणि आपण ज्या भागात राहतो त्याचं नावच बघा. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो गावापासून दूर इथे हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आणला. ज्या बायकांना कोणी दारात उभं करत नव्हतं त्यांना राहायला जागा हवी, एवढी साधी गोष्ट होती ती. त्या कामाला पुढे १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. त्या कर्व्यांच्या नावाच्या उपनगरात शिकणाऱ्या मुलीला "एकटी आहेस, जागा नाही" म्हणायचं, हे मला तरी जड जातं.

आता, जागा मिळत का नाहीत? ह्याचं एक कारण जुनं आहे आणि ते समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्या पिढीची भीती तिथून आलेली आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. महागाई वाढली, भाडे तिथेच राहिले. मालकांना दुरुस्तीचाही खर्च निघेना. वाडे का पडले, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. मग लोकांनी 'लिव्ह अँड लायसन्स'ची वाट काढली. त्यावर १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला जागेत असलेल्या लायसन्सवाल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. झालं! तेव्हापासून घराघरांत एकच वाक्य ऐकू येऊ लागलं, "भाड्याने दिली की गेली." लोकांनी जागा कुलूप लावून ठेवल्या, पण दिल्या नाहीत. ती सवय अजून आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी निघाली. एकीकडे माणसं जागा शोधताहेत आणि दुसरीकडे जागा माणसं नसल्याने धूळ खाताहेत.

पण ती भीती ज्या कायद्यामुळे होती तो कायदा आता नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, आणि तो लागू झाला ३१ मार्च २००० पासून, म्हणजे आपल्या संस्थेच्याच वयाचा. त्याचे कलम २४ सांगते की लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली पाहिजे. नाही सोडली तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कलम ५५ सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरून चालतात, उलट सिद्ध करायचं काम मालकाचं. तेव्हा "ओळखीतला आहे, करार कशाला" म्हणणाऱ्या सभासदांनी हे कलम जरूर वाचावे.

नोंदणीचा खर्च किती? बँकवाला असल्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला राहवत नाही. समजा भाडे १२,००० रुपये, अनामत ५०,०००, मुदत ११ महिने. एकूण भाडे १,३२,०००. अनामतीवर १० टक्क्यांनी धरलेले ११ महिन्यांचे व्याज सुमारे ४,६००. ह्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट घरी मशीन घेऊन येतो, अंगठे घेतो, त्याचे पैसे वेगळे. एवढ्या खर्चात लाखोंच्या जागेची काळजी मिटते.

आता हाच हिशेब भाडेकरूच्या बाजूने मांडून बघा. तेच १२,००० भाडं. पहिल्या महिन्याचे आगाऊ १२,०००, अनामत ५०,०००, दलालाला एक महिन्याचं भाडं म्हणजे आणखी १२,०००. खोलीत पाऊल टाकायच्या आधी ७४,००० रुपये. गादी, बादली, गॅसची शेगडी अजून यायचीच आहे. जिचा पगार २८,००० आहे आणि पहिला पगार हातात यायला अजून महिना आहे, तिने हे कुठून आणायचे? बहुतेक वेळा वडील कोणाकडून तरी उसने घेतात, नाहीतर आईच्या बांगड्या सोनारतारण कर्जासाठी बँकेत जातात. असे अर्ज मी काउंटरच्या ह्या बाजूने पुष्कळ पाहिलेले आहेत. अनामत म्हणजे शेवटी काय, तर नुकतं कमवायला लागलेल्या माणसाने घरमालकाला दिलेलं बिनव्याजी कर्ज. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा जो नमुना राज्यांसाठी काढला त्यात राहत्या घराला अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको असं म्हटलं आहे. आपल्याला तो बंधनकारक आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा. दोन महिन्यांची अनामत घ्यायला कोणी अडवलेलं नाही.

मालकांचीही बाजू आहे, ती सांगितली नाही तर मी एकतर्फी बोललो असं होईल. बी विंगमधल्या आपल्या एका काकूंची औषधं आणि लाइटबिल त्या एका खोलीच्या भाड्यावर चालतात. भाड्याने दिलं की पुणे महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत जाते. प्राप्तिकरात भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तेवढाच दिलासा. आता 'फक्त कुटुंबाला' असा ठराव झाला, तर वन आरकेत राहायला येणारं कुटुंब कुठून मिळणार? नवं लग्न झालेलं जोडपं येईल, वर्षभरात पाळणा हलला की मोठी जागा बघेल. मधले महिने जागा रिकामी. दोन महिने रिकामी राहिली तर काकूंचे २४,००० बुडाले. संस्थेने ते भरून देण्याचा ठराव कोणी मांडणार आहे का?

कायद्याचंही एक पाहून घ्या. नव्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने जागा भाड्याने देताना संस्थेला आगाऊ कळवायचे असते, कराराची प्रत द्यायची असते आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते. संस्थेच्या परवानगीचा प्रश्न त्यात येत नाही. बिनभोगवटा शुल्कही मनाला येईल तेवढं लावता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवा शुल्क १,२०० असेल तर १२० रुपये. सभेत हात वर झाले म्हणून ठराव कायद्याच्या वर जात नाही.

मग तक्रारी खोट्या आहेत का? मुळीच नाहीत. रात्री अकरानंतर लिफ्टचं दार आपटतं. पार्किंगमध्ये पाहुण्यांच्या गाड्या लागतात. ओला-सुका कचरा एकत्र टाकला जातो. एका खोलीत दोघांचा करार आणि राहणारे चौघे, असंही झालेलं आहे, आणि पाण्याच्या टाकीवर त्याचा ताण पडतो. गेल्या डिसेंबरात गच्चीवर जो प्रकार झाला त्यावरूनच हा ठराव आला. पण त्या रात्री गच्चीवर आठ जण होते, त्यांत भाडेकरू दोनच. बाकीचे सहा कोणाकोणाचे होते हे पहिल्या रांगेत बसलेल्यांना चांगलं ठाऊक आहे. (हशा) गच्चीला कुलूप लावायचं सोडून आपण बी विंगच्या दारांना कुलूप लावायला निघालो.

म्हणून माझं म्हणणं असं, की नियम वागणुकीचा करावा, माणूस एकटा की दुकटा ह्याचा करू नये. आणि तो नियम सभासद, भाडेकरू सगळ्यांना सारखा असावा. ठरावाच्या जागी मी पाच गोष्टी सुचवतो.

एक, नोंदणीकृत करार आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पोच ऑफिसात आल्याशिवाय सामान आत येणार नाही. ह्यात सूट कोणालाही नाही, माझ्या भाच्यालाही नाही.

दोन, वन आरकेत जास्तीत जास्त किती जणांनी राहायचं हे सभेने ठरवावं आणि मालकाने ते करारात लिहावं.

तीन, आवाज, गच्ची, कचरा, पार्किंग ह्यांचे नियम एका कागदावर मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत छापून येणाऱ्याच्या हातात द्यावेत. आज आपण नियम मोडल्यावरच सांगतो.

चार, तक्रार आली तर आधी भाडेकरूशी बोलावं, मग मालकाला लेखी कळवावं. परस्पर पाणी बंद करणं, वॉचमनला अडवायला सांगणं असले प्रकार संस्थेने करू नयेत.

पाच, नोटीस बोर्डाचा एक कोपरा भाड्याच्या जागांसाठी ठेवावा. जागा रिकामी होणार असेल तर महिनाभर आधी तिथे चिठ्ठी लागावी. दलालाचे १२,००० दोन्हीकडचे वाचतील.

जाता जाता जागा शोधणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण हा अंक हातोहात जाईल आणि कोणाच्या तरी उपयोगी पडेल. बदलीच्या नोकरीत मी नऊ गावांत भाड्याने राहिलो. जागा मिळवून देणारा माणूस प्रत्येक गावी तोच असायचा, शाखेचा शिपाई. इथे तो इस्त्रीवाला आहे, किराणा दुकानदार आहे, डबेवाल्या मावशी आहेत. कुठली खोली पुढच्या महिन्यात रिकामी होणार हे त्यांना मालकाच्या आधी कळतं. जून-जुलैत कॉलेजं सुरू होताना शोधू नका, जमलं तर दोन महिने आधी किंवा दिवाळीनंतर बघा. महिन्याच्या वीस तारखेच्या सुमारास चक्कर मारा, तोवर सोडणाऱ्यांनी नोटीस दिलेली असते. मेट्रो आता वनाज ते नळस्टॉप, गरवारे कॉलेज अशी पौड रस्त्या-कर्वे रस्त्याने जाते, तिथल्या स्टेशनालगत भाडं चढं असतं. पंधरा मिनिटं आत चालायची तयारी ठेवली तर कमी पडतं. जागा बघताना पाणी किती वाजता येतं ते शेजाऱ्याला विचारा, वीजमीटर स्वतंत्र आहे का ते बघा, आणि शक्य झाल्यास रात्री एकदा त्या गल्लीतून चालून या. फोनवर फोटो दाखवून "आधी टोकन पाठवा, मग किल्ली देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. अनामत चेकने किंवा खात्यावरूनच द्या, म्हणजे परत मागताना पुरावा राहतो. आणि पंखा, गीझर, नळ जसे आहेत तसे फोटो पहिल्याच दिवशी काढून मालकाला पाठवून ठेवा.

माझ्या ह्या बोलण्यावर परवा एकांनी विचारलं, "तुम्हाला काय, तुम्ही ए विंगमध्ये राहता. त्रास बी विंगला." प्रश्न बरोबर आहे. म्हणून सांगतो, ए विंगच्या कितीतरी घरांतली मुलं, नातवंडं आज बंगळूरला, हैदराबादला, गुरुग्रामला एकेकट्याने राहताहेत. त्यांतल्या एका मुलीला मागच्या वर्षी तिथल्या सोसायटीने बाहेरची, एकटी म्हणून जागा नाकारली, तेव्हा आपण इथे बागेत बसून त्या लोकांना काय काय म्हणालो ते आठवतं ना? आपल्या गेटवर उभी राहणारी मुलगीही लातूरची, जळगावची, कणकवलीची कोणाची तरी नात असते. तिथे बागेत बसून तिचे आजोबा आपल्याला काय म्हणत असतील, एवढाच विचार सभेत हात वर करण्याआधी करावा.

ठराव मांडणाऱ्या माझ्या मित्रांना विनंती आहे की तो मागे घ्यावा आणि वरच्या पाच मुद्द्यांत स्वतःचे दोन घालून नवा मसुदा करावा. लिहून घ्यायला मी येईन, उद्या सकाळी फिरायला जातानाच बोलू. संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सर्वांचं मनापासून अभिनंदन.